वास्तव धूसर होतं तेव्हा

“सगळं दिसतंय, ऐकू येतंय, पण खरं वाटत नाही.”

मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्यांदा आलेली विशी-बाविशीतली मुलं-मुली पुष्कळदा अशाच एखाद्या वाक्याने सुरुवात करतात. कुणी सांगतं, माझ्या आणि जगाच्या मध्ये काच आली आहे. कुणाला स्वतःचाच आवाज परका वाटतो. कुणाला आरशातला चेहरा ओळखू येतो, पण तो आपला वाटत नाही. कुणाची आई समोर बसलेली असते, पण तिच्याविषयी नेहमी वाटणारी माया आतून उमटत नाही आणि त्या कोरडेपणाचीच धास्ती बसते. विचार एक तर सुसाट धावतात, नाहीतर डोकं इतकं बधिर होतं की एकच परिच्छेद चार वेळा वाचूनही काही पोचत नाही. हे सगळं सांगून झालं की बराच वेळ अडवून धरलेला प्रश्न बाहेर पडतो: “मला वेड लागतंय का?”

या प्रकरणात त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं आहे. बहुतेकांच्या बाबतीत ते ‘नाही’ असंच आहे. थोड्यांच्या बाबतीत मात्र हा एखाद्या गंभीर आजाराचा पहिला इशारा असतो आणि त्यांच्यासाठी एकेक आठवडा मोलाचा असतो. आपण यांपैकी कोणत्या गटात आहोत, हे रात्री एकट्याने मोबाइलवर शोधून ठरत नाही. म्हणून दोन्ही गटांना एकच सल्ला लागू पडतो: जे होतंय ते लवकर आणि स्पष्टपणे सांगा.

याच वयात का?

तरुणांची ही भीती निराधार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्या लोकांचा आजार चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झाला होता आणि तीन चतुर्थांश लोकांचा चोविसाव्या वर्षापर्यंत. स्किझोफ्रेनियासारखे आजारही बहुधा सतरा-अठरा ते तिशी या टप्प्यातच डोकं वर काढतात. मुलग्यांमध्ये थोडे आधी, मुलींमध्ये थोडे उशिरा.

पण याच वयात आणखी एक अनुभव सुरू होतो. तो स्किझोफ्रेनियापेक्षा कितीतरी अधिक लोकांना येतो आणि वेडाशी त्याचा सहसा संबंध नसतो. स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं म्हणजे डीपर्सनलायझेशन आणि भोवतालचं जग खोटं, सपाट किंवा स्वप्नातलं वाटणं म्हणजे डीरिअलायझेशन. काही मिनिटं किंवा काही तास टिकणारा असा अनुभव अगदी सर्वसामान्य माणसांनाही आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळी येतो. तो दीर्घकाळ टिकून आयुष्य अडवू लागतो तेव्हा त्याला विकार म्हणतात. तो साधारण शंभरात एक-दोघांना होतो. त्याची सुरुवात सरासरी सोळाव्या वर्षी होते. पंचविशीनंतर तो पहिल्यांदा सुरू होणं विरळा.

या वयात मेंदूची बांधणी अजून चालू असते. नको असलेल्या जोडण्या छाटल्या जातात, वापरातल्या पक्क्या होतात. भावनांना आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. नेमक्या याच काळात घर सुटतं. लातूरचं वसतिगृह असो, कोट्यातली खोली असो की पुण्यात कॉट बेसिसवर घेतलेली जागा, जेवण मेसचं, झोप परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे आणि घरी फोनवर “सगळं बरं आहे” एवढंच. पहिलं प्रेम, पहिलं अपयश, पहिला गांजाही याच वर्षांत. यातलं काहीही मेंदूला तात्पुरतं हलवून सोडायला पुरेसं असतं.

जग खरं वाटतं म्हणजे काय?

डोळे उघडले की जग दिसतं, कान असले की ऐकू येतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दिसणं आणि ते खरं, ओळखीचं, आपलं वाटणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. आईचा चेहरा दिसला की दृष्टीचा भाग तो ओळखतो. त्याच क्षणी भावनांशी आणि शरीराच्या आतल्या जाणिवेशी जोडलेले भाग त्या चेहऱ्याला ऊब देतात. ही ऊब काही काळ आटली की चेहरा तंतोतंत तोच राहतो, पण परका होतो.

लंडनमधल्या संशोधकांनी २००१ साली हे मेंदूच्या प्रतिमांमध्ये पाहिलं. डीपर्सनलायझेशनच्या रुग्णांना किळस आणणारी छायाचित्रं दाखवली, तेव्हा किळसेची जाणीव करून देणारा इन्सुला नावाचा भाग इतरांच्या मेंदूत जसा जागा होतो तसा त्यांच्या मेंदूत झाला नाही. उलट, भावना दाबणारा पुढचा भाग अधिक काम करताना दिसला. म्हणजे यंत्रणा मोडलेली नव्हती, ती भावनांचा आवाज खाली आणत होती. जिवावर बेतलेल्या प्रसंगी हीच क्षमता उपयोगी पडते. अपघातातून वाचलेली माणसं सांगतात, “दुसऱ्याच कुणाला होतंय असं वाटत होतं.” त्यामुळेच त्यांना त्या क्षणी हातपाय हलवता आले. तरुणांच्या बाबतीत अडचण अशी होते की ही दाबून टाकण्याची क्रिया अपघाताविना, सततच्या ताणाने सुरू होते आणि लवकर थांबत नाही.

याचं अगदी थेट उदाहरण म्हणजे पॅनिक अटॅक. माणूस घाबरला की श्वास भराभर होतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, उजेड डोळ्यांवर येतो, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. माणसाला वाटतं, आता शुद्ध तरी हरपणार किंवा डोकं तरी फिरणार. यातलं काहीही होत नाही. भर बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. मागे उरते ती त्याची आठवण, आणि ‘पुन्हा होईल का’ ही धाकधूक.

झोपेचं ऋणही असंच वसूल होतं. १९६३ च्या डिसेंबरअखेरीस सॅन दिएगोमधल्या रँडी गार्डनर या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने विज्ञान प्रदर्शनासाठी जागं राहायचं ठरवलं. तो २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यांनी नोंदवलं की तो चिडचिडा झाला, विसरू लागला, एकाग्रता संपली आणि पुढे त्याला नसलेल्या गोष्टी जाणवू लागल्या. तो मनोरुग्ण नव्हता, न झोपलेला निरोगी मुलगा होता. अकरा दिवस कुणी जागत नाही; पण महिनोन्‌महिने चार तास झोपून, वर चहा आणि एनर्जी ड्रिंक ढोसून मेंदूची तीच पिळवणूक थोडी थोडी करणारे पुष्कळ आहेत. झोप लागता लागता कुणीतरी आपल्या नावाने हाक मारल्यासारखं वाटणं, पहाटे जाग येऊनही अंग हलवता न येणं आणि खोलीत कुणीतरी असल्याची जाणीव होणं, हे झोप आणि जागेपणाच्या सीमेवरचे अनुभव आहेत. थकलेल्यांना ते जास्त येतात आणि तेवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही.

पुन्हा पुन्हा तपासणं

डीरिअलायझेशन लांबवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यावर ठेवलेला पहारा. दुखऱ्या दाताकडे जीभ जशी सारखी जाते, तसं मन दर काही मिनिटांनी चाचपत राहतं: आता खरं वाटतंय का? हात माझा वाटतोय का? मुलं स्वतःच्या तळहाताकडे इतका वेळ टक लावून पाहतात की कुणाचाही तळहात तेवढ्या वेळानंतर विचित्रच दिसेल. मग ‘बघ, गेलं नाही अजून’ असा निष्कर्ष निघतो, भीती वाढते आणि भीतीने धुकं आणखी दाट होतं. मोबाइलवर लक्षणं शोधत रात्र घालवली की त्यात झोपेची वजाबाकीही होते.

यावर उपाय म्हणून जे सांगितलं जातं ते साधं आहे, पण नेटाने करावं लागतं. होतंय त्याला नाव द्यावं: हे डीरिअलायझेशन आहे, धोका नाही, ओसरणार आहे. श्वास सोडण्याची लांबी घेण्यापेक्षा जास्त ठेवावी. लक्ष स्वतःच्या डोक्यातून काढून बाहेर लावावं; भाजी चिरणं, चालणं, कुणाशी तरी प्रत्यक्ष बोलणं. ‘खरं वाटेल तेव्हाच कॉलेजला जाईन’ असं न करता, तसं वाटत असतानाच जावं. झोपेची आणि उठण्याची वेळ ठरवावी. चिंता आणि नैराश्य सोबत असेल, आणि ते पुष्कळदा असतंच, तर त्यावरचे औषधोपचार आणि विचारांच्या सवयी बदलणारी मानसोपचार पद्धत यांचा फायदा होतो. फक्त डीपर्सनलायझेशनसाठीच असं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. त्यामुळे कुणी तशी खात्रीची गोळी विकत असेल तर सावध राहावं.

गांजा आणि भांग

डॉक्टरांनी विचारल्यावर मुलं जी गोष्ट हमखास लपवतात, ती हीच. होळीला किंवा महाशिवरात्रीला घेतलेली भांग असो की मित्राच्या खोलीवर ओढलेला गांजा, दोन्हींतलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य मेंदूच्या त्याच जागांवर काम करतं. ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत येतो. प्यायलेल्या भांगेचा यायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारे नेमके यातच फसतात. मग काळ थांबल्यासारखा वाटतो, एक विचार संपतच नाही, सगळे आपल्याकडेच बघतायत अशी शंका येते. नशा उतरल्यावर बहुतेकांचं हे जातं. काहींचं मात्र अधांतरी वाटणं आठवडेच्या आठवडे राहतं.

नियमित सेवनाचा प्रश्न आणखी गंभीर आहे. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या सुमारे पंचेचाळीस हजार तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण कधीच न ओढलेल्यांच्या सहापट दिसलं. हा अभ्यास १९८७ चा. युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणी झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज गांजा घेणाऱ्यांना मनोविकृतीचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका सुमारे तिप्पट आढळला, आणि रोज कडक गांजा घेणाऱ्यांना जवळजवळ पाचपट. गांजा ओढणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही. पण ज्याच्या जवळच्या नात्यात असा आजार आहे, किंवा ज्याला एकदा गांजाने असा झटका आला आहे, त्याने पुन्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि डॉक्टरांना खरं सांगावं. ते पोलिसांत तक्रार करायला बसलेले नसतात, निदान करायला बसलेले असतात.

शंका आणि खात्री

आता त्या थोड्यांबद्दल, ज्यांचा आजार खरोखर सुरू होतो आहे.

डीरिअलायझेशन झालेला मुलगा म्हणतो, “माणसं यंत्रासारखी वाटतात, पण तशी नाहीत हे मला कळतं.” आपल्याला काहीतरी विचित्र वाटतंय, ही जाण त्याच्याकडे शाबूत असते. मनोविकृतीत ही जाण हळूहळू निसटते. “माझ्यावर पाळत आहे असं वाटतं” पासून “पाळत आहेच, पुरावे आहेत” पर्यंतचा तो प्रवास असतो.

जर्मन मानसरोगतज्ज्ञ क्लाउस कॉनराड यांनी १९५८ साली या प्रवासाचे टप्पे मांडले. सुरुवातीला माणसाला काही भ्रम नसतो. फक्त काहीतरी मोठं घडणार आहे अशी न सांगता येणारी बेचैनी असते. मग क्षुल्लक गोष्टींना अर्थ चिकटू लागतात. शेजारच्या गाडीचा नंबर, बातमीदाराने डोकं हलवणं, मित्राच्या स्टेटसमधलं एक वाक्य, हे सगळं माझ्यासाठीच आहे. भारतीय वंशाचे मानसरोगतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ साली याची मेंदूतली बाजू समजावली. काय महत्त्वाचं आहे हे मेंदूला सांगण्याचं काम डोपामीन करतं. ते अवेळी, अकारण स्रवू लागलं की बिनमहत्त्वाच्या गोष्टी महत्त्वाच्या वाटू लागतात, आणि माणूस त्यांचं स्पष्टीकरण शोधता शोधता भ्रमापर्यंत पोचतो. या आजारातली औषधं मुख्यतः डोपामीनवरच काम करतात ती यामुळेच.

“वेड लागलेल्याला आपल्याला वेड लागलंय असं कधी वाटत नाही” हा दिलासा सर्रास दिला जातो. तो पुरता खरा नाही. आजाराच्या अगदी सुरुवातीला पुष्कळांना आपल्यात काहीतरी बिघडतंय हे स्पष्ट जाणवतं, आणि तेव्हाच ते मदत मागू शकतात. म्हणून एका क्षणाच्या भीतीवरून काही ठरवू नये, काही आठवड्यांचा कल पाहावा. संशय पक्का होत चालला आहे का? जागेपणी, दिवसाउजेडी आवाज ऐकू येतात का? आपले विचार कुणी काढून घेतंय किंवा डोक्यात घालतंय असं वाटतं का? बोलण्याचा धागा सुटतोय असं इतर सांगतात का? मित्र तुटले, अंघोळ राहू लागली, अभ्यासात चांगला असलेला मुलगा खोलीचं दार लावून बसू लागला, असं झालंय का? यांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. झोपेची गरजच संपल्यासारखी वाटणं, विचार आणि पैसे दोन्ही सुसाट सुटणं, हे बायपोलर आजारातल्या उन्मादाचं लक्षण असू शकतं. तिथेही थांबू नये.

घड्याळाचं चित्र

मनाचं वाटणारं दुखणं कधी कधी थेट मेंदूच्या सुजेतून येतं. २००९ साली न्यूयॉर्कमधली चोवीस वर्षांची पत्रकार सुझॅना कॅहलन हिला संशय, भास, झटके येऊ लागले. डॉक्टरांचा अंदाज कधी ताण, कधी दारू, कधी मानसिक आजार असा फिरत राहिला. अखेर डॉ. सुहेल नज्जर यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिने वर्तुळ काढलं आणि एक ते बारा सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागातच दाटीने लिहिले. डावी बाजू रिकामी. तिच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग सुजलेला आहे, हे त्या एका चित्रातून त्यांच्या लक्षात आलं. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतले निरोप टिपणाऱ्या एनएमडीए ग्राहींवर हल्ला करत होती. हा आजार जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी जेमतेम दोन वर्षांपूर्वी, २००७ मध्ये उलगडला होता. योग्य उपचारांनी ती बरी झाली.

हा आजार दुर्मीळ आहे, पण त्यातला धडा रोजचा आहे. अशा वेळी शरीर तपासायला हवंच. ताप, तीव्र डोकेदुखी, झटका, शुद्ध हरपणं, दिवस-वार न कळणं, बोलणं किंवा हात-पाय अडखळणं, यांतलं काहीही विचारांतल्या बदलासोबत आलं तर थेट रुग्णालय गाठावं. थोडाच वेळ टिकणारा विचित्र वास आणि ‘हे आधी घडलंय’ ही दाट जाणीव वारंवार येत असेल तर ते कानशिलाच्या भागातल्या फिटचं लक्षण असू शकतं. डोळ्यांपुढे नागमोडी, चमकणारी रेघ पसरत जाणं आणि तासाभरात विरणं ही बहुधा अर्धशिशीची चाहूल असते. थायरॉइडचा बिघाड आणि शाकाहारी घरांमध्ये सर्रास आढळणारी बी-१२ ची कमतरताही विचारांवर परिणाम करते, आणि या दोन्ही गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात.

वाया जाणारा काळ

मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगोरी आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली तरुणांच्या पहिल्याच मनोविकृतीसाठी स्वतंत्र केंद्र उभं केलं. वर्षानुवर्षं आजारी असलेल्यांच्या कक्षात अठरा वर्षांच्या मुलाला ठेवू नये, आणि त्याच्यापर्यंत लवकर पोचावं, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत एकवीस राज्यांत झालेल्या अभ्यासाने, २०१५ साली, त्याला बळ दिलं. औषध, समुपदेशन, कुटुंबाला आधार आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत एकत्र दिली तर मुलं जास्त सुधारतात, आणि आजार सुरू झाल्यावर जे लवकर येतात त्यांना याचा फायदा सर्वांत जास्त होतो. त्या अभ्यासातल्या निम्म्या रुग्णांना उपचार मिळेपर्यंत चौऱ्याहत्तर आठवड्यांहून अधिक काळ लोटला होता. म्हणजे जवळपास दीड वर्ष.

आपल्याकडे बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नसल्याचं दिसलं. यात डॉक्टरांची कमतरता आहे, पण घराघरातली चालढकलही आहे. आधी ‘नाटकं करतोय’, मग ‘लग्न लावून द्या’, मग ‘बाहेरचं काहीतरी आहे’. दृष्ट काढल्याने कुणाचं नुकसान होत नाही. पण एका देवस्थानाहून दुसऱ्याकडे फिरण्यात जे सहा महिने जातात, ते त्या मुलाच्या आयुष्यातले असतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

मदत जवळ आहे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जगू नये असे विचार येत असतील, किंवा कुणाला इजा करायला सांगणारा आवाज ऐकू येत असेल, तर भेटीची वेळ ठरवत बसू नये. त्याच तासाला कुणाला तरी सोबत घेऊन रुग्णालयात जावं.

काय सांगाल, कसं ऐकाल

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या. पहिल्यांदा कधी जाणवलं. त्या आधीच्या महिन्यात काय घडलं. झोप किती. काय घेतलं, गांजा, दारू, गोळ्या, काहीही. आणि नात्यात कुणाला असा त्रास होता का. नेमके शब्द सुचत नसतील तर सुचतील तसेच लिहा. ‘डोक्यात धुकं आहे’ एवढं वाक्यही डॉक्टरांना पुष्कळ सांगतं.

घरच्यांनी दोन टोकं टाळावीत. “काही होत नाही, देवाचं नाव घे” म्हटलं की मूल पुढचं सांगत नाही. “म्हणजे तुला आवाज ऐकू येतात?” असं किंचाळलं तरी सांगत नाही. त्याच्या भ्रमाशी वाद घालू नये, त्याला दुजोराही देऊ नये. “तुला किती भीती वाटत असेल ते कळतंय. उद्या सकाळी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ,” एवढं बाबांनी किंवा ताईने म्हटलं तरी पहिली पायरी पार होते.

पॅनिक आणि अपुऱ्या झोपेतून आलेलं धुकं विरतं. पहिली मनोविकृती झालेली बहुसंख्य मुलंही उपचारांनी सुधारतात, आणि त्यांतली कितीतरी पुन्हा शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. ते ज्यावर अवलंबून असतं त्यातल्या पुष्कळ गोष्टी आपल्या हातात नसतात: जनुकं, जडणघडण, नशीब. पहिलं लक्षण जाणवणं आणि ते कुणाला तरी सांगणं यांमधलं अंतर मात्र आपल्या हातात आहे. हे वाचताना ‘हे माझंच आहे’ असं वाटलं असेल, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याला आजच फोन करा.